छातीतली पांढरी वाट

“पण मॅडम, उद्या छाती उघडल्यावर दिसणारच आहे की. आधी फोटो कशाला?”

निनाद डॉक्टर विचारत होता. पहिल्या नंबरानं पास झालेला पोरगा, तोराही तसाच. ज्यांना विचारत होता त्या हणबर बाई त्याच्या गुरू.

समोर खाटेवर भैरूआण्णा तांबट उघडे बसलेले. अन्ननळीत गाठ, कॅन्सरची. उद्या काढायची.

“न उघडता दाखव,” बाई म्हणाल्या. “पेन आहे ना खिशाला? काढ आण्णांच्या पाठीवर.”

आता हे काय दाखवायचं, ते सांगते. आपण खाल्लेल्या तुपालोण्याचं पेजेसारखं पांढरं पाणी होतं. ते सुतळीएवढ्या नळीतून छातीत वर चढतं आणि रक्ताला मिळतं. नळी जाते गाठीच्या शेजारनंच. गाठ काढताना ती चुकून कापली, तर सगळं पाणी छातीत साठतं. माणूस खातो आणि वाळत जातो.

निनादनं सर्रकन रेघ ओढली. मणक्याच्या उजव्या अंगानं वर, मग वळण, मग डावीकडं. कुठं अडखळला नाही.

“पाठीचा फळा केला की माझ्या,” आण्णा म्हणाले. “बाई, पोरगं पास का नापास?”

बाई हसल्या. “आण्णा, दूध उतरतं का अजून?”

“घोट घोट उतरतं.”

“मग सायीचं दूध घ्या. घटकाभरानं मशीनमध्ये जाऊ.”

“मॅडम, या तपासणीला उपाशी पाठवतात...”

“बाजार नसेल त्या दिवशी वाटेवर कोण दिसतं रे?”

निनाद दुधाचा पेला घेऊन आला.

आण्णा बोगद्यासारख्या मशीनमध्ये जाऊन पडले. सुई नाही, टोचणं नाही. नुसती ठकठक.

बाहेर आले ते डोळे चोळतच. “आमच्या तांबटआळीपेक्षा कमीच आवाज. डोळा लागला.”

पडद्यावर सगळा काळोख... आणि काळोखात एक बारीक पांढरी रेघ.

मणक्याच्या डाव्या अंगानं. खालपासून वरपर्यंत, डाव्याच अंगानं.

निनाद पुढं वाकला. मागं झाला. पुन्हा वाकला.

“पण पुस्तकात तर...”

“पुस्तकातल्या माणसाला गाठ झालेली नाही.”

“मी उजवीकडं जपत बसलो असतो, मॅडम. आणि डावीकडं...”

आण्णांनी दोघांकडं बघितलं. “काय झालं? बरं का वाईट?”

“बरं झालं, आण्णा,” बाई म्हणाल्या. “आज झालं ते बरं झालं.”

निनादनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि आण्णांच्या पाठीवरची रेघ पुसायला वाकला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे. आण्णांची वाट मशीननं दाखवली, तुझी या पेनानं... उद्या कापताना दोन्ही समोर हव्यात.”