मुलामा दिलेला बोल्ट

धातू बोलायचे आणि माणसं ते ऐकून सोडून द्यायची, त्या काळातली ही गोष्ट. एका कारखान्यात उकळतं आम्ल वाहून नेणाऱ्या नळाचा जोड आठ बोल्टांनी आवळला होता. सात निकेलच्या मिश्रधातूचे, दिसायला मळकट. आठवा लखलखीत, पण तो होता लोखंडाचा, वरून मुलामा दिलेला. पेटीवरच्या चिठ्ठीनं त्याला निकेल ठरवलं होतं.

"बाबा रे, उद्या आम्ल सुटलं की तू विरघळशील," शेजारचा बोल्ट म्हणाला. "आणि जोडाखाली गेनू फिटर उभा असतो."

"माहीत आहे. पण इतका मान मला कधी मिळाला नव्हता."

सकाळी गेनू चुंबक घेऊन आला. लोखंडाला ते चिकटतं, या मिश्रधातूला नाही.

"अरे, चिठ्ठीवर माझी सही आहे," साहेब खुर्चीतूनच म्हणाले.

"साहेब, सही जोडाखाली उभी राहत नाही. मी राहतो."

चुंबक सातही बोल्टांवरून घसरत गेलं. आठव्यापाशी त्यानं हळूच विचारलं, "धरू?"

बोल्टानं गेनूच्या तोंडाकडे पाहिलं. "धर. घट्ट धर."

गेनूनं त्याला काढलं आणि खरा बोल्ट बसवला. सही करणाऱ्याला मात्र कुणीही जाब विचारला नाही.

दुपारी आम्ल सुटलं. जोडातून थेंबही गळला नाही. लोखंडी बोल्ट तोवर कँटीनच्या डुगडुगणाऱ्या बाकाला लागला होता. गेनू भाकरी घेऊन आला, बाकावर टेकला आणि म्हणाला, "चला, हा एकदाचा हलायचा थांबला." बोल्टानं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.