आईची फळी

त्या टोकाच्या फळीवर नका बसू पाहुणे, इकडं मध्ये या. ती रिकामीच ठेवायची असते. एकदा बसायला मिळावं म्हणून आमच्या बाया पोर मोठं व्हायची वाट बघतात, तुम्ही तर उतारू. नीट बघा, ती नदीकडं तोंड करून ठोकलीय. वाडगेघाटच्या प्रत्येक नावेला अशी एक फळी असते. पोरगा वल्हं पेलण्याजोगा झाला की त्याच्या पहिल्या फेरीला आई एकटी तिच्यावर बसते, पोराकडं पाठ करून. पैलतीर लागेपर्यंत मागं वळायचं नाही. कुणाकडं मुंज असते, आम्हा नावाड्यांकडं हे.

असं सांगतात, फार मागं या घाटावर सारजा नावाची नावाडीण राहायची. तिचा नवरा पुरात गेला. नाव परत आली, वल्हंही सापडलं, माणूस तेवढा गेला. तेव्हा सारजानं गुडघाभर पाण्यात उभं राहून नदीला शब्द दिला म्हणे, की माझ्या कोंडूला तुझ्या पाण्यात कधी उतरू देणार नाही, तूही त्याच्या वाटेला जाऊ नकोस. वल्हं तिनं आढ्याला बांधून टाकलं. नावाड्याचा पोर शेळ्या राखू लागला. मिसरूड फुटलं तरी आईच्या नजरेआड जायची त्याला मुभा नव्हती. बरोबरीची पोरं हसायची, आणि हसणारच की.

एका श्रावणात गावच्या बाया मधल्या बेटावर पिकातलं तण भांगलायला गेल्या आणि वरच्या अंगाला पाऊस होऊन नदी चढली. बेट बघता बघता लहान होत चाललं. गावचा दुसरा नावाडी तापानं फणफणलेला, त्याला उठून बसवेना. बापाच्या मांडीवर बसून नाव हाकायला शिकलेला कोंडूच काय तो उरला होता. माणसं सारजाच्या दारात नुसती येऊन उभी राहिली.

शेवटी तिनंच आढ्याचं वल्हं सोडलं. म्हणाली, शब्द माझा होता, मोडतेही मीच. नदीला कुणी हवंच असेल तर आधी मी तिच्या हाताला लागेन. म्हणून ती नावेच्या टोकाशी जाऊन बसली. बसली मात्र पोराकडं तोंड करून. आईला दुसरं कसं बसता येणार?

तिथंच चुकलं. मधल्या धारेला भोवरा होता. कोंडूनं भोवरा बघायचा सोडून आईचं तोंड बघितलं, आणि तिची सगळी भीती त्याच्या अंगात शिरली. नाव आडवी झाली, पाणी आत येऊ लागलं.

"आये, तुज्याकडं बघितलं की माजा हात गळतोय," तो म्हणाला.

सारजानं त्याला एकदा डोळे भरून पाहून घेतलं आणि पाठ फिरवली.

"आता तुजं तू बघ," ती म्हणाली.

आता कोंडूपुढं आईची पाठ होती आणि पाठीपलीकडं नदी. बापानं शिकवलेलं हाताला आठवत गेलं. नाव सरळ झाली आणि बेटाला लागली. आधी सारजा उतरली. वाकून तिनं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, पदरानं न पुसता तशीच वळली आणि लेकाकडं बघून हसली. येताना म्हणे ती बायांच्या घोळक्यात बसून घरापर्यंत बोलत होती.

येणारे-जाणारे म्हणतात, पाठ फिरवायची म्हणजे पोरावर विश्वास टाकायचा. असेलही. मी एवढंच सांगतो, माझ्या पहिल्या फेरीला आईचे खांदे सारखे हलत होते, आणि मी वल्हं मारत राहिलो. त्या दिवसाइतकी माया मला तिची कधी वाटली नाही.

वरच्या अंगाला पूल झाला, उतारू कमी झाले, पण फळी सुटली नाही. उद्या माझ्या नातवाची पहिली फेरी आहे. सूनबाई सकाळपासून घरभर सांगत सुटलीय, मला मेली कसली भीती. आजही पैलतीर लागला की आई आधी वाकून नदीचं पाणी तोंडावर घेते, मगच मागं वळते. तोंड कशानं ओलं झालं, हे आमच्यात कुणी विचारत नाही.