सरकारांचं भाकीत आणि रविवारची पंगत

याही रविवारी सरकारांचं भाकीत तोंडावर आपटलं. जे संघ जिंकणार म्हणून त्यांनी छातीठोकपणे जाहीर केलं होतं, नेमके तेच हरले.

निंबसांगवीचं संस्थान कधीच गेलं होतं, पण सरकार होते, त्यांचा दरबार हॉल होता आणि त्यांचा हेकाही होता. त्या हॉलात गावची पोरंपोरी दर रविवारी मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाची लीग खेळत. वेणू गुरवने, म्हणजे राजवाड्याच्या आचाऱ्याच्या मुलीने, सरकारांच्या मागे लागून लागून हा हॉल मिळवला होता. निकाल तीच वाचायची, संघांची भांडणंही तीच मिटवायची. भाकीत मात्र सरकारांचं. शुक्रवारी ते फलकावर लागायचं आणि चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "या खेपेला सरकारांनी कुणाचं वाटोळं केलंय?"

गंमत अशी, की सरकार काही येड्यागबाळ्यांची नावं घेत नसत. चांगले, कसलेले संघ निवडत. ते एरवी जिंकत आणि सरकारांनी नाव घेतलं की माती खात.

"सरकार, आपलं भाकीत चुकणं शक्यच नाही," कारभारी अप्पासाहेब म्हणाले. "निकाल चुकतायत."

वेणूने कपाळावर हात मारून घेतला. या गृहस्थांनी आधी खेळाडूंची तोंडं पूर्वेला करायला लावली, मग इंटरनेटच्या वायरीला लिंबू बांधलं. शिवाय सामना चालू असताना प्रत्येकाच्या मानेमागे उभं राहून अखंड बडबड. स्वतःला साधा फोन उचलता येत नव्हता, पण अक्कल शिकवायला सदा तयार.

"ते मला सांगू नका," सरकार गरजले. "गाव हसतंय मला. वेणू, कान उघडे ठेवून ऐक. येत्या रविवारी माझी सगळी भाकितं खरी ठरली पाहिजेत. नाही ठरली, तर लीग बंद. हॉलला कुलूप."

"सरकार, कोण जिंकणार हे माझ्या हातात कसं असेल? पोरांना मुद्दाम हरायला सांगू?"

"खबरदार. लबाडी चालायची नाही. खेळ खराच झाला पाहिजे आणि भाकीतही खरं झालं पाहिजे."

"वा," वेणू मनात म्हणाली, "म्हणजे भाकीत यांनी करायचं आणि खरं मी करायचं." तिला रडू येत होतं, त्याहून जास्त चीड येत होती. गावात धड इंटरनेट असलेली ही एकच जागा. ती गेली की लीग संपलीच.

तणतणत ती मुदपाकखान्यात आली. तिचे आबा श्रीखंडाचं पातेलं घासत बसले होते.

"पार चाटूनपुसून नेलं गं," आबा कौतुकाने सांगू लागले. "सरकार स्वतः वाढायला उभे. त्या जयपालला तर वाटीवर वाटी. पोरगं पुरे पुरे म्हणतंय, पण सरकारांच्या आग्रहाला नाही कोण म्हणणार?"

ही सरकारांची जुनी हौस. ज्यांच्या विजयाचं भाकीत केलं, त्यांना रविवारी दुपारी पंगतीला बोलवायचं, पोट फुटेस्तोवर खाऊ घालायचं आणि लगेच सामन्याला बसवायचं. वेणूला जयपाल आठवला. गावातला सगळ्यात चपळ गडी, आणि आज सामन्यात हातात मोबाइल धरून तो चक्क पेंगत होता. ती आबांकडे बघून हसत सुटली. आबांना काही कळेना.

शुक्रवारी भाकीत लागलं आणि वेणू सरकारांपुढे उभी राहिली.

"सरकार, एक विनंती. या रविवारची पंगत हरणाऱ्यांना द्या."

"हरणाऱ्यांना? त्यांनी काय दिवे लावलेत?"

"तुमचं भाकीत खरं ठरणार म्हणजे ते हरणारच. हरल्यावर बिचाऱ्यांच्या घशाखाली घास तरी उतरेल का? आधीच जेवू घाला. हां, आता भाकिताबद्दल सरकारांच्याच मनात शंका असेल तर राहू दे."

"शंका? मला?" सरकार ताठ झाले. "बोलवा त्यांना. मी स्वतः वाढीन."

रविवारी सरकारांनी असा आग्रह केला की बासुंदी संपली, जिलेबी संपली, पण कुणाला उठू दिलं नाही. भाकितात जिंकणारा ठरलेला जयपालचा संघ मात्र घरची भाकरी-पिठलं खाऊन आला होता. सामने सुरू झाले. पंगतीतले शूरवीर जांभया देत खेळले. मनापासून खेळले, पण डोळेच उघडेनात. वेणूने निकाल वाचला. सरकारांचं एकूण एक भाकीत खरं ठरलं होतं.

"बघा," कारभारी लगेच पुढे झाले. "मी म्हणत होतो ना, लिंबाचा गुण."

सरकार खुशीत होते, पण अगदीच भोळे नव्हते. त्यांनी वेणूला जवळ बोलावलं. "पोरी, खरं सांग. काय केलंस?"

"मी काहीच नाही केलं. सगळं सरकारांनीच केलं, भाकीतही आणि निकालही. सरकार ज्याच्या पानात वाढतात तो झोपतो. आजवर जिंकणारे झोपत होते, आज दुसरे झोपले."

कारभाऱ्यांचा चेहरा पडला. सरकारांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हणजे माझ्या हौसेपायी मीच माझं हसं करून घेत होतो म्हण. मग यापुढे पंगत बंद?"

"बंद कशाला? सामने झाल्यावर सगळ्यांना वाढा."

"आणि सामन्याआधी माझे हात शिवशिवले तर? कुणाला तरी आग्रह करायला हवाच की मला."

"कारभारीसाहेबांना करा," वेणू म्हणाली. "दर रविवारी, भरपूर. म्हणजे सामने तरी शांततेत होतील."

सरकार असे खदखदून हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत त्यांनी हॉलची किल्ली वेणूच्या हातावर ठेवली आणि लीग आता कायमची तिची असल्याचं जाहीर केलं. मग आबांना हाक मारून त्यांनी कारभाऱ्यांसाठी पाट मांडायला सांगितला.