दरीवरच्या गाठी

“...पण तायता, दरवर्षी गवताचाच पूल का? कुस्कोच्या भिंती पाहा. दोन दगडांच्या सांध्यात सुरीचं पातं शिरत नाही. त्याच लोकांची आपण लेकरं ना?”

तायता म्हणजे बाप. त्या डोंगरी मुलखात वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. विचारणारा विदाल. आठ वर्षं परदेशी शिकून तो आदल्याच आठवड्यात परतला होता. वाटेत पूर्वजांची जुनी राजधानी कुस्को पाहिली, शहरावरचा दगडी किल्ला पाहिला, डोंगरउतारावरची पांढरी मिठागरं पाहिली, आणि त्याची छाती भरून आली. आता गावासाठी काहीतरी करायचं. सुरुवात पुलापासून.

पूल विणणारे म्हातारे मेल्चोर गवताचा दोर वळत ऐकत होते. जुना पूल कापून नदीत सोडला होता. नव्याचे मांडीएवढे दोर दरीवर ताणून झाले होते. आता दोन्ही बाजूंचे कठडे विणायचे होते.

“शिकायचंय?”

“हो.”

“मग उजवी बाजू तुझी.”

ताणलेल्या दोरांवर बूड टेकायचं, पाय दरीत सोडायचे आणि गाठी मारत पुढं सरकायचं. विदालनं खाली पाहिलं. नदी इतकी खोल की पांढऱ्या धाग्यासारखी दिसत होती.

तो मागं फिरला. शहरातून आणलेला नायलॉनचा दोर त्यानं काठावरच्या खडकाला बांधला, दुसरं टोक कमरेला. काठावरची माणसं हसली. एकानं विचारलं, विणायला निघालास की चरायला? ओझं वाहणाऱ्या लामालासुद्धा आम्ही एवढं लांब दावं देत नाही.

मेल्चोर हसले नाहीत.

आता विदालचे हात भराभर चालू लागले. वारा सुटला, पूल झोक्यासारखा हलला. विदाल निर्धास्त. बघता बघता वीस गाठी झाल्या.

डाव्या बाजूनं विणत येणारे मेल्चोर थांबले. हात लांब करून त्यांनी विदालच्या शेवटच्या गाठीत बोट घातलं आणि ओढलं. गाठ सुटली. तिच्या मागची ओढली. तीही सुटली.

“तुझा दोर कशाला बांधलाय?”

“खडकाला.”

“आणि फर्मिनाचा?”

फर्मिना विदालची बहीण. सहा महिन्यांचं पोर पाठीशी बांधून परवा ती याच पुलावरून सासरी जाणार होती.



विदालनं कमरेची गाठ सोडली. नायलॉनचा दोर सरसर घसरत गेला आणि कड्याशी लोंबकळत राहिला.

पुन्हा वारा आला. या खेपेला पूल कुठं कुठं करकरतो ते सगळं त्याला ऐकू आलं.  वारा ओसरेपर्यंत दोन्ही हातांनी दोर धरून तो बसला. त्यानं विसाच्या वीस गाठी उसवल्या. मग एकेक नव्यानं मारली, दातांत धरून आवळली, अंगाचा सगळा भार टाकून पाहिली आणि तेव्हाच पुढं सरकला.

दिवस कलला तेव्हा दोघं पुलाच्या मधोमध पोचले होते. विदालची बोटं सोलून निघाली होती, आणि वारा आला की तो अजूनही दोर घट्ट धरत होता.

“तायता, ही भीती... जाते कधी?”

मेल्चोरनी त्या दिवसात पहिल्यांदाच खाली नदीकडं पाहिलं.

“गेली की मला सांग. त्या दिवसापासून मी पोहत जाईन.”