वाघाटगडाचा पोवाडा आणि गोजाईचा प्रश्न

समोर तो बोडका कातळ दिसतो ना, त्यावर आमचा शाहीर उभा राहतो. जत्रेच्या दिवशी उन्हं कलली की वाघाटगडाचा पोवाडा सुरू होतो. पोवाड्याचं शेवटचं कडवं, म्हणजे शेवटचा चौक, संपतो, डफ थांबतो आणि नवखा माणूस टाळीला हात उचलतो. शेजारचा म्हातारा लगेच त्याचा हात धरतो. आमच्याकडे आधी प्रश्न, मग टाळी. बाहेरगावचे शाहीर याला आडमुठेपणा म्हणतात. म्हणू देत बापडे.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. भर उन्हाळ्यात या गडाला वेढा पडला. प्राण गेला तरी दार उघडायचं नाही, असा किल्लेदाराचा हुकूम होता. दारावर सिदोजी नावाचा पहारेकरी होता. एका पहाटे त्यानं दार उघडलं. गड पडला, किल्लेदार लढता लढता कामी आला आणि सिदोजीही उंबऱ्यातच मेला, म्हणे.

पुढे येमाजी शाहिरानं त्यावर पोवाडा रचला. जगल्या-वाचल्या माणसांनी जे जे सांगितलं, ते त्यानं इमानानं गुंफलं. त्यातला शेवटच्या आधीचा चौक असा:

टाकं आटलं, चिखल चाटती कडेवरली लेकरं,
सिदोजीनं दार उघडिलं, फितूर झाला खरं!

'फितूर' म्हटलं की माणसं चवताळून उठायची. डफाच्या ठेक्यात रक्त तापतं, पण शब्द कानाबाहेर राहतात. सिदोजीची आई गोजाई आणि तिची उपवर लेक गावातच राहत होत्या. त्यांच्या दारात कुणी पाऊल ठेवीना. शेवटी गावानं ठरवलं, की यंदाची जत्रा झाली की या मायलेकींनी शिवेबाहेर जावं.

त्या जत्रेत गोजाई पुढे येऊन बसली. पोवाडा संपला. टाळ्या पडणार तोच ती उठली.

"येमाजी, शेवटच्या चौकात नदीवर कोण पाणी पितंय रे?"

"गडावरच्या बायका न् लेकरं, आये."

"आदल्या चौकात ती वर तहानेनं तडफडत होती. मग खाली कंच्या दारानं आली?"

गडाला दार एकच. इतकी वर्षं येमाजी दोन्ही चौक एका दमात गात होता, पण मधे काय घडलं असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग बायकांतून एक जण उठली. "त्याच दारानं आलो आम्ही. सिदोजीनं आधी वेढा घालणाऱ्यांकडून आमच्यासाठी वाट मागून घेतली, मगच अडसर काढला. माझा लेक माझ्या कडेवर होता." आणि ती रडू लागली. सभेतली निम्मी माणसं त्याच दारानं खाली आलेली होती. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच गप्प बसले होते. सांगताना मला अजून लाज वाटते.

येमाजीनं डफ खाली ठेवला. "आये, तो शब्द मी आत्ताच काढून टाकतो."

"नको," गोजाई म्हणाली. "हुकूम त्यानं मोडलाच. गड गेला, धनी गेला, ते बी खरंच हाय. आज तू शब्द काढशील, उद्या दुसरा कुणी घालंल. तवा इचारायला मी नसंन. ऐकणाऱ्यानं इचारावं, एवढी रीत लाव."

मायलेकी गावातच राहिल्या. लेकीचं लग्न त्या रडणाऱ्या बाईच्या थोरल्या मुलाशी झालं, असंही म्हणतात.

आजही पोवाड्यात 'फितूर' हा शब्द तसाच आहे. आजही डफ थांबला की कुणीतरी उठून विचारतं, "खाली कंच्या दारानं आली?" आणि सगळी सभा एका आवाजात उत्तर देते, "सिदोजीच्या!" आमच्या पोरांना प्रश्न पाळण्यापासून पाठ असतो, म्हणून विचारायचा मान आम्ही पोवाडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला देतो. यंदा तुम्ही आहात. चला, पुढे बसा, शाहीर कातळावर चढलाय.