धनेशाची भरलेली चोच

फार जुनी गोष्ट, तेव्हा रानातही पुढारी असत आणि चौकश्याही. आधीच्या पुढाऱ्यांच्या काळात राखीव उंबरं कुणी फस्त केली, याचा तपास धनेशिणीने केला. आरोपींची नावं ठरली, तोच अंडी घालायचे दिवस आले. रीतीप्रमाणे ती ढोलीत शिरली आणि चोचीपुरती फट ठेवून दार चिखलाने लिंपून बसली. नावंही तिच्यासोबत आत राहिली.

धनेश तिच्यासाठी चोचीत उंबर घेऊन निघाला, की कोल्हा वाट अडवी. "धनेशराव, त्या काटेरी साळूचं नाव आहे ना आत?"

भरल्या चोचीने धनेश बोलणार कसा?

"बघा, नाही म्हणाला नाही," कोल्हा चारचौघांत सांगे. हळूहळू पाणवठ्यावर साळूशेजारी कुणी बसेना. तिच्या पिल्लांशी कुणी खेळेना.

एकदा ते पाहून धनेशाने चोच उघडली. उन्हात लांबून आणलेलं उंबर धुळीत पडलं.

"नावं मलाही ठाऊक नाहीत," तो म्हणाला. "फटीशी गेलो, की पोट भरलं का, एवढंच मी तिला विचारतो."

"म्हणजे साळूचं नसेलच, असंही नाही," कोल्हा म्हणाला. या वेळी कुणी मान डोलावली नाही.

साळूने उंबर उचललं, पाण्यात धुतलं आणि धनेशाच्या चोचीत ठेवलं.

"जा दादा. वहिनी उपाशी असेल."