घरबसल्या सायकल

खडकमाळ गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? ‘जरा सावलीत बस’ म्हटलं, तर तो स्वतःच्याच सावलीत बसायला जायचा. सावली काही हाती लागायची नाही. मग तो तिच्या मागं मागं फिरायचा.

त्याची बायको हौसा मात्र चांगली हुशार होती. तिचं माहेर डोंगरापलीकडं, ढवळेवाडीला. केरबा तिला पायीच पोचवायचा आणि पायीच आणायचा. यंदा ती माहेरच्या जत्रेला गेली आणि तिकडून तिनं निरोप धाडला, ‘आता मी पायी यायची नाही. सायकल शिका, मागं बसवून न्या. नाहीतर मी इथंच बरी.’

 हौसेवाचून केरबाला घास गोड लागत नव्हता. तो उठला, तालुक्याला गेला आणि एक जुनी सायकल घेतली. दुकानदार बशीरभाईनं वर एक पुस्तक फुकट दिलं. नाव होतं, ‘घरबसल्या सायकल शिका’.

“वाचता येतं ना?” बशीरभाईनं विचारलं.

“येतं की.”

“मग झालं. लिहिलंय तस्सं कर.”

बिचाऱ्या बशीरभाईला काय माहीत, की हे वाक्य केरबाला सांगायचं नसतं!

घरी येऊन केरबानं सायकल माजघरात नेली. दार लावून घेतलं. टांग टाकली आणि पायडल मारलं. समोर गाडग्यामडक्यांची उतरंड होती. सायकल थेट तिच्यात शिरली. डाळ, गूळ, चटणी आणि केरबा सगळे एका जागी आले.

आई धावत आली. “अरे, घरात कुणी सायकल चालवतं का?”

“पुस्तकावर ‘घरबसल्या’ लिहिलंय आई. बाहेर बसून येत नसंल.”

“बाहेर जा! माळावर जा! आणि पुस्तकात पुढं काय लिहिलंय तेही बघ!”

केरबानं बघितलं. पुढं लिहिलं होतं, ‘नवशिक्यास सुरुवातीला कोणीतरी मागून धरावे.’

तो शिद्राम पैलवानाला माळावर घेऊन गेला. म्हणाला, “पैलवान, मला मागनं घट्ट धरा.”

“तुला? का सायकलला?”

“नवशिक्यास धरा असं लिहिलंय. सायकल नवशिकी नाही, जुनी आहे.”

पैलवानाला ते पटलं. त्यानं केरबाच्या कंबरेला मिठी मारली. ही मिठी आजवर कुठल्याच कुस्तीत कुणाच्यानं सुटली नव्हती. केरबानं जोरात पायडल मारलं. सायकल निघाली. केरबा निघाला नाही. सायकल एकटीच उतारानं धावत गेली आणि उकिरड्यात जाऊन पडली. केरबा मिठीतच अधांतरी पाय हलवत राहिला.

“जमतंय का?” पैलवानानं विचारलं.

“मला जमतंय. सायकलला जमंना.”

पैलवानानं कपाळावर हात मारला. “आरं, तसं नसतं! जरा वेळ धरायचं, मग न सांगता हळूच सोडून द्यायचं. माणसाला आपोआप तोल येतो.”

केरबानं ते मनात पक्कं केलं.

संध्याकाळी आई माळ्यावरचा लसूण काढायला शिडीवर चढली. “केरबा, शिडी धर रे.”

केरबानं जरा वेळ धरली. मग न सांगता हळूच सोडून दिली. शिडी एकीकडं गेली आणि आई तुळईला लोंबकळायला लागली.

“मुडद्या, शिडी कुठाय?”

“घाबरू नको आई. आपोआप तोल येतो.”

शेजाऱ्यांनी येऊन म्हातारीला खाली उतरवलं. त्या दिवशी केरबा उपाशी झोपला. लसूण मात्र माळ्यावरच राहिला.

खरं सांगायचं तर पुस्तकात चूक एकही नव्हती. पुढच्या पानावर लिहिलं होतं, ‘पडण्यास घाबरू नये.’ केरबा रोज सकाळी माळावर जायचा, आधी पाच-सहा वेळा मुद्दाम पडून घ्यायचा आणि मगच सायकलवर बसायचा. असं पडता पडता, ढोपरं सोलता सोलता त्याला एक दिवस सायकल आली. गावाला आश्चर्य वाटलं. केरबाला नाही वाटलं. तो म्हणाला, “पुस्तकच तसं आहे.”

मग तो ऐटीत गावातून सायकल फिरवायला लागला. एकदा वाटेत एक म्हैस रस्त्यावर आडवी पसरली होती. केरबा उतरला. पुस्तक काढलं. ‘रस्त्यात कोणी आडवे आल्यास घंटा वाजवावी.’ त्यानं सायकल भिंतीला टेकवली, पळत देवळात गेला आणि दोन्ही हातांनी घंटा बडवायला लागला.

गाव गोळा झालं. कुणी बादल्या आणल्या, कुणी काठ्या. सरपंच जेवण टाकून उष्ट्या हातानं आले. “कुठं आग लागली?”

“आग नाही, म्हैस.”

“म्हैस पेटली?”

“नाही. आडवी आली.”

सरपंचांनी दात-ओठ खाल्ले. केरबाला सायकलपाशी नेलं आणि त्याचं बोट घंटीवर ठेवलं. “ही! ही वाजवायची! आडवं कुणी दिसलं की त्याच्याजवळ जाऊन ट्रिंग ट्रिंग करायचं. उठून जातं ते.”

दुसऱ्याच दिवशी केरबा सरपंचांच्या वडिलांना बघायला गेला. म्हाताऱ्याला ताप होता. वैद्याच्या काढ्यानं त्या दिवशी कुठं पहिल्यांदा डोळा लागला होता. केरबानं दारातून बघितलं, तर म्हातारा आडवा. त्यानं सायकल उंबऱ्यावरून आत घेतली, उशाशी उभी केली आणि ट्रिंग ट्रिंग सुरू केलं. म्हातारा जो उठला, तो थेट परसात जाऊन लिंबाच्या झाडाआड उभा राहिला. त्याचा ताप उतरला. सरपंचांचा चढला.

शेवटी हौसेला आणायचा दिवस उजाडला. निघताना आईनं केरबाला जवळ बसवलं. “हे बघ, तुला कुणी काही सांगितलं की घोटाळा होतो. घरी येईपर्यंत कुणाचं काही म्हणता काही ऐकू नको. तिला मागं बसव आणि थेट घरी ये.”

केरबानं पुस्तकाचं शेवटचं पानही वाचून घेतलं. ‘सायकल चालवताना मागे वळून पाहू नये.’ हेही सोपं होतं.

ढवळेवाडीला सासऱ्यानं जावयाला सायकलवर बघितलं आणि त्याचा ऊर भरून आला. हौसा नवं लुगडं नेसून मागं बसली. गावाबाहेर पडेपर्यंत तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता. पण खिंडीचा चढ लागला आणि केरबाला धाप लागली. तिला नवऱ्याची कीव आली. “अहो, मी उतरते. तुम्ही वर जाऊन थांबा हं!” म्हणून ती हळूच उतरली.

केरबानं ऐकलं नाही. घरी पोचेपर्यंत कुणाचंच ऐकायचं नव्हतं. सायकल एकदम हलकी झाली, तसा तो मनात म्हणाला, “चढ संपला वाटतं.”

खिंडीच्या माथ्यावर एक भटजी एसटीची वाट बघत उभे होते. खालच्या मळ्यात लग्न लावायचं होतं, मुहूर्त जवळ आला होता आणि एसटीचा पत्ता नव्हता. हळूहळू येणारी सायकल दिसताच त्यांनी धोतर सावरलं आणि “मळ्यापर्यंत ने रे बाबा!” म्हणत मागं उडी मारली.

सायकल जड झाली. हौसा आहे ना मागं, म्हणून केरबाला बरं वाटलं. आवाज तेवढा घोगरा वाटला. माहेरी लोणचं खाऊन घसा बसला असंल, असं त्यानं ठरवलं.

उतार लागला. सायकल सुसाट सुटली. एका खड्ड्यात भटजींचा चष्मा उडाला.

“थांब! माझा चष्मा!”

केरबानं ऐकलं नाही. मळा आला. मांडव, सनई, घोडीवर नवरदेव, हळदीनं पिवळी झालेली नवरी, सगळं वऱ्हाड रस्त्याकडं डोळे लावून उभं. त्यांच्या डोळ्यांदेखत भटजी आले आणि भटजी गेले.

“अरे, उतरव मला! मुहूर्त टळेल!”

“गप बस गं,” केरबा लाडानं म्हणाला. “आता घरीच उतरायचं.”

सायकल घराशी थांबली. आई भाकरतुकडा ओवाळायला दारात आली आणि तशीच थबकली.

“केरबा, हे कोण?”

“हौसा.”

“हौसेला शेंडी कधी आली?”

“माहेरी होती एवढे दिवस. तिकडं आली असंल.”

तेवढ्यात वऱ्हाडाचा ट्रॅक्टर येऊन धडकला. नवरीला मामांनी उचलूनच आणलं होतं. नवरदेवाची घोडी मात्र ओढ्यापाशी अडून बसली होती, आणि निम्मं वऱ्हाड तिला ढकलत होतं. आता मळ्यात परत जायला वेळ नव्हता. भटजींनी केरबाच्या अंगणातच पाट मांडायला लावले. मामांनी अंतरपाट धरला. अलीकडं नवरी मान खाली घालून उभी राहिली. पलीकडचा पाट मोकळा होता, पण चष्म्याविना भटजींना अंतरपाटसुद्धा धड दिसत नव्हता.

“मुहूर्त चालला!” भटजी ओरडले. “मुलाला पुढे आणा! मुलाला!”

बाकी सगळे घोडीच्या वाटेकडं बघत होते. कुणीच पुढं येईना. मग एक गडी निमूट पाटावर येऊन उभा राहिला. कुणीतरी दिलेला हार त्यानं हातात घेतला. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता उडाल्या.

शेवटच्या ‘सावधान’ला डोंगर उतरून, धुळीनं माखलेली, पायाला फोड आलेली हौसा अंगणात शिरली. तिनं सनई ऐकली, मग नवरी बघितली, मग हार घेतलेला नवरा बघितला.

“अहो!” तिनं अशी किंकाळी फोडली, की भटजी थांबले, सनई थांबली, मामांच्या हातून अंतरपाट सुटला. नवरीनं मान वर केली आणि तीही किंचाळली.

“हे काय चालवलंय? तुम्ही इथं का उभे?” हौसा रडकुंडीला येऊन म्हणाली.

केरबा पाटावरूनच शांतपणे म्हणाला, “तूच सांग, मी काय करणार? हे म्हणाले, ‘मुलाला पुढं आणा.’ आईला दुसरा मुलगा आहे का?”